विकृतिपरीक्षणाचा विसर : रक्तकर्करोग आणि आपले निरंतर शिक्षण

गेल्या पावसाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या एका निरंतर वैद्यकीय शिक्षण कार्यक्रमास आम्ही उपस्थित होतो. विषय होता ‘रक्ताच्या कर्करोगाची व्यक्तिनिष्ठ चिकित्सा’. सभागृह भरलेले होते. नाव नोंदवून, पिशवी घेऊन बाहेर चहापाशी रेंगाळणारेही नेहमीइतकेच होते. प्रथम एका रक्तविकारतज्ज्ञांनी पाऊण तास उत्तम व्याख्यान दिले. त्यानंतर आपल्यापैकीच एक ज्येष्ठ वैद्य उठले आणि म्हणाले की, हे लोक आज जिला व्यक्तिनिष्ठ चिकित्सा म्हणतात ती आपली प्रकृतिपरीक्षाच होय, आपण ती शतकानुशतके करीत आलो आहोत. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या तज्ज्ञांना मात्र एकही प्रश्न विचारला गेला नाही. भोजन उत्तम होते.

टाळ्या आम्हीही वाजविल्या. परतीच्या प्रवासात मात्र आमच्या ध्यानात आले की ते विधान अर्धेच खरे आहे, आणि राहिलेल्या अर्ध्या भागावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.

चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेली दशविध परीक्षा आपण सर्वांनी पाठ केलेली आहे. तीत पहिले स्थान प्रकृतीचे आणि दुसरे विकृतीचे. व्यासपीठावर पहिले सांगून आपण थांबतो. दुसऱ्याकडे जाण्याचे कष्ट घेत नाही. रक्तकर्करोगाच्या आधुनिक चिकित्सेत ‘व्यक्तिनिष्ठ’ हा शब्द मुख्यत्वे या दुसऱ्या परीक्षेसाठी योजलेला आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सी.एम.एल., हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. १९६० साली फिलाडेल्फिया येथे नोवेल आणि हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या रक्तपेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ साली जॅनेट रौली यांनी दाखवून दिले की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची परस्परांत अदलाबदल होऊन ते तसे झालेले असते. ही अदलाबदल जन्मजात नव्हे. ती रुग्णाच्या मातापित्यांत नसते, अपत्यांत उतरत नाही, त्याच्या स्वतःच्या त्वचेच्या पेशींतही नसते. अस्थिमज्जेतील एका पेशीत ती केव्हातरी घडते आणि त्या पेशीची संतती वाढत जाते. ही प्रकृती नव्हे, ही विकृतीच.

या अदलाबदलीतून निर्माण होणाऱ्या बीसीआर-एबीएल या प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब २००१ साली अमेरिकेत मान्यता पावले, तेव्हा आम्ही आयुर्वेद महाविद्यालयात शिकत होतो. रुग्ण वातप्रधान आहे की पित्तप्रधान, हे पाहून ते दिले जात नाही. विकृती पाहून दिले जाते. पुढे त्याच रुग्णाच्या पेशींत टी३१५आय नावाचे उत्परिवर्तन झाले तर इमॅटिनिब, डॅसाटिनिब, निलोटिनिब ही तिन्ही निरुपयोगी ठरतात आणि पोनाटिनिब किंवा असिमिनिब यांचा विचार करावा लागतो. रुग्ण तोच, प्रकृती तीच, औषध मात्र बदलले. कारण विकृती बदलली.

प्रकृतीला या शास्त्रात स्थान नाही असे मात्र नव्हे. बालकांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात दिले जाणारे मर्कॅप्टोप्युरिन नेहमीच्या मात्रेत काही मुलांना विषवत् बाधते, ते टीपीएमटी व एनयूडीटी१५ या जनुकांतील जन्मजात भेदांमुळे. त्यांतील दुसऱ्याचे भेद आपल्याकडे युरोपीय लोकांपेक्षा अधिक आढळतात. याला प्रकृतीसापेक्ष मात्रा म्हणावयास आमची हरकत नाही. पुण्याच्या डॉ. भूषण पटवर्धन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकृती आणि जनुके यांचा संबंध तपासणारे निबंध २००५ पासून प्रसिद्ध केले, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. परंतु त्या निबंधांवरून रक्तकर्करोगाचे औषध निवडता येते असे त्यांनीही कोठे म्हटलेले नाही.

आता आमच्या स्वतःच्या प्रमादाविषयी. काही वर्षांपूर्वी यंत्रमागावर काम करणारा छत्तीस वर्षांचा एक रुग्ण आमच्याकडे आला. डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे आणि सकाळी मळमळ. सी.एम.एल. साठी इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम चालू असल्याचे त्याने सांगितले होते व आम्ही ते केसपेपरवर लिहूनही ठेवले होते. अक्षिकूटशोथ, पिंडिकोद्वेष्टन, हृल्लास असे निदान मांडून आम्ही पुनर्नवा मंडूर आणि कैशोर गुग्गुळ सुरू केले. दोन महिन्यांत त्याला पुष्कळ बरे वाटले, आम्हालाही. सात महिन्यांनी तो रक्ताचा अहवाल घेऊन आला. पूर्वी ०.०६ टक्के असलेले बीसीआर-एबीएलचे प्रमाण ३.८ टक्क्यांवर गेले होते. खोदून विचारता कळले की, ‘तुमच्या औषधाने बरे वाटतेय, मग ती उष्ण गोळी रोज कशाला’, असे म्हणून तो इमॅटिनिब एक दिवसाआड घेत होता. सूज, गोळे व मळमळ हे तिन्ही इमॅटिनिबचे नित्याचे उपद्रव आहेत, त्याच्या माहितीपत्रकातच ते छापलेले असतात. आम्ही ते वाचलेले नव्हते. गोळी कमी झाली म्हणून उपद्रव कमी झाले आणि त्याचे श्रेय पुनर्नव्याला मिळाले.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. गुग्गुळाने डिल्टियाझेम व प्रोप्रानोलॉल यांचे रक्तातील प्रमाण घटते, असे निरोगी व्यक्तींवरील एका अभ्यासात दिसले होते. तो १९९४ साली आपल्याच देशातील वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आहे. इमॅटिनिबचे पचन करणारे सीवायपी३ए४ हे यकृतातील विकर गुग्गुळातील द्रव्याने उत्तेजित होते असे प्रयोगशाळेत आढळले आहे. याउलट पिप्पली-मरिचातील पायपरिन तेच विकर मंदावते. म्हणजे एका वैद्याने गुग्गुळ दिला तर औषध कमी पडण्याची शक्यता, दुसऱ्याने त्रिकटु दिले तर अधिक होण्याची. आमच्या रुग्णात गुग्गुळाचा वाटा किती आणि चुकविलेल्या गोळ्यांचा किती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. चुकलेल्या गोळ्यांची किंमत मात्र मोजलेली आहे. लंडनमधील ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणांत नोंदयंत्र बसवून केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी ९० टक्के किंवा त्याहून कमी मात्रा घेतल्या त्यांना सहा वर्षांत अपेक्षित प्रतिसाद मिळण्याची शक्यता सुमारे २८ टक्के होती. त्याहून नियमित घेणाऱ्यांत ती ९४ टक्क्यांहून अधिक. ९० टक्के म्हणजे महिन्यात अवघ्या तीन गोळ्या चुकणे.

आमच्या रुग्णाला पुढे डॅसाटिनिबवर न्यावे लागले. तो आज कामावर जातो.

हे रुग्ण आपल्यापासून दूर, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात असतात, हा समज सोडून द्यावा. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या विशिष्ट स्फटिकरूपाचे पेटंट नाकारले आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्यांच्या मानाने कमी वयात होतो, आणि गोळी घेत रुग्ण वर्षानुवर्षे जगतो. त्यामुळे तालुक्याच्या गावी एकाच पिशवीत ती गोळी आणि आपले चूर्ण एकत्र येतात. येथे औषधी विक्रेत्या बंधूंशी थोडे बोलले पाहिजे, कारण अनुपान बहुधा तुमच्याच काउंटरवर सांगितले जाते. ‘सगळी औषधे जेवणानंतर दुधाबरोबर घ्या’, हे वाक्य येथे चालत नाही. औषधसेवनकाल आपल्याला नवा नाही: इमॅटिनिब अन्नासह आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावयाचे, निलोटिनिबच्या नेहमीच्या कॅप्सूल अभक्त, म्हणजे आधी दोन तास आणि नंतर एक तास काही न खाता. डॅसाटिनिबचे शोषण आमाशयातील अम्लावर अवलंबून असते, म्हणून अम्लनाशके दोन तासांच्या अंतराने घ्यावीत असा दंडक आहे. शंखभस्म, कपर्दिकभस्म, प्रवाळ ही कॅल्शियम कार्बोनेटप्रधान द्रव्ये आपण अम्लपित्तावर रोज देतो, आणि बहुतेक वेळा चिठ्ठीवाचून देतो.

पंचकर्म करणाऱ्यांसाठी दोन बाबी. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात दिल्या जाणाऱ्या इब्रुटिनिबने रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढते. शस्त्रक्रियेच्या तीन ते सात दिवस आधी ते थांबवावे लागते. अशा रुग्णाच्या गुडघ्याला जळू लावण्यापूर्वी तो काय घेतो हे विचारले जाते काय? आणि ज्याच्या न्यूट्रोफिल किंवा बिंबिका खालावल्या आहेत त्याला बस्ती देऊ नये. गुदभागातील किंचित इजेतूनही रक्तात जंतुसंसर्ग पसरतो. गेल्या दहा वर्षांत या विषयावर आपल्या कोणत्याही कार्यक्रमात एक तासही राखून ठेवल्याचे आम्हाला आठवत नाही.

हरताळ, सोमल यांच्याविषयी आपल्यात मोठा उत्साह आहे. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियावर आर्सेनिक ट्रायऑक्साइडला २००० साली अमेरिकेत मान्यता मिळाली, हे खरे. त्याचा उगम चीनमधील हार्बिन येथे १९७० च्या दशकात झालेल्या कामात आहे, हेही खरे. याहून आपल्या जवळची गोष्ट म्हणजे चिनी वैद्यांनी मनःशिला आणि नीळ असलेला मुखावाटे द्यावयाचा योग रेटिनॉइक ॲसिडच्या जोडीने वापरला, शिरेवाटे दिलेल्या आर्सेनिकशी त्याची तुलना केली आणि तो कमी पडत नाही असे २०१३ साली दाखवून दिले. परंतु त्यांनी कोणते रुग्ण घेतले? पंधराव्या व सतराव्या गुणसूत्रांतील नेमकी विकृती सिद्ध झालेले. मात्रा मोजली, हृदयाचा आलेख काढला, विकृत जनुक नाहीसे झाले की नाही ते तपासले. ‘आमचा सोमल त्यांनी स्वीकारला’ एवढेच सांगून रसमाणिक्याची डबी पुढे करणाऱ्यांनी यांतील काय केले आहे? हरताळ व मनःशिला औषध नियमांच्या परिशिष्ट ई (१) मध्ये विषारी द्रव्ये म्हणून नमूद आहेत, आणि कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हे दुकानाच्या भिंतीवर फलक लावताना स्मरावे.

याच रोगाचा रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याकडे येतो, हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, अंगावर निळे डाग घेऊन. आपण रक्तपित्त म्हणतो. ते चूकही नाही. पण वासा आणि उशीर देऊन आठवड्याने बोलाविले तर तो आठवडा त्याच्याजवळ नसतो. वेळीच उपचार मिळाले तर रक्तकर्करोगांत सर्वांत चांगला बरा होणारा हा प्रकार आहे, आणि मृत्यू येतो तो बहुधा पहिल्या काही दिवसांतील रक्तस्रावाने. अशा रुग्णाची रक्तगणना त्याच दिवशी, आणि शंका आली तर त्याच रात्री रवानगी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी. व टाटा स्मारक केंद्रातील संशोधनातून निर्माण झालेल्या नेक्सकार१९ या उपचाराला भारतात मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत बदल घडवून त्या पुन्हा त्यालाच देतात. याहून व्यक्तिनिष्ठ ते काय असणार! खर्च लाखांत असला तरी परदेशातील खर्चाच्या तो कैक पटींनी कमी आहे. हे रुग्ण गावी परततील तेव्हा त्यांची व्याधिक्षमता दीर्घकाळ क्षीण असेल. त्यांच्या तापाला लंघन सांगून तीन दिवस वाट पाहणे परवडणारे नाही.

तेव्हा आमची कार्यकारिणीस सूचना अशी की, पुढील कार्यक्रमात ‘रक्तार्बुदावरील आमचे अनुभव’ हे सत्र वगळावे. त्या जागी रक्तविकारतज्ज्ञांकडून बीसीआर-एबीएलचा प्रत्यक्ष अहवाल वाचावयास शिकावे, रुग्ण कोणती गोळी कशी घेतो हे विचारण्याचा सराव करावा, आणि औषधी विक्रेत्यांना श्रोते म्हणून मागे न बसविता त्यांच्यासाठी स्वतंत्र दोन तास ठेवावेत. सदस्यांनी आपल्याकडील अशा रुग्णांची टिपणे, नाव-गाव वगळून आणि आपण दिलेल्या सर्व कल्पांसह, संपादकांकडे पाठवावीत. बिघडलेल्या रुग्णांची आधी. वर दिलेले आमचे टिपण पहिले म्हणून धरावे.