तुकडा कुठाय?

गेल्या शनिवारी दिवा-रोहा गाडीने आत्याकडे गेलो. (पेणपर्यंत लॅपटॉप, पुढे रोह्यापर्यंत झोप!) बघतो तर आत्याच्या गालावर पट्टी. वाटाण्याएवढी गाठ होती, दोन महिन्यांत वाढली, दुखत नव्हती, म्हणून एका दवाखान्यात काढून घेतली.

"तपासायला पाठवली का गं?"
"अरे, काढली ना डॉक्टरांनी, मग आता कसली तपासणी?"
"आणि तुकडा कुठाय?"
"गेला असेल कचऱ्यात!"

सर्व्हर क्रॅश झाल्यावर कुणीतरी लॉगच डिलीट करावेत, तसं वाटलं मला.

बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, मान्य. पण 'मर्केल सेल कार्सिनोमा' हा त्वचेचा दुर्मिळ कॅन्सर अगदी अशाच रूपात येतो. वय झालेलं, उन्हाने रापलेली त्वचा, आणि भराभर वाढणारी, न दुखणारी गाठ. १९७२ मध्ये सिरिल टोकर यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. पंचाईत अशी, की साध्या मायक्रोस्कोपखाली तो लिम्फोमासारखा किंवा फुफ्फुसातून पसरलेल्या कॅन्सरसारखा दिसू शकतो. उपचार मात्र वेगळे.

१९७८ मध्ये टँग आणि टोकर यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप वापरला, तेव्हा त्या पेशींमध्ये चेता-अंतःस्रावी पेशींत असतात तसे बारीक, गडद दाणे सापडले. आकार साधारण १०० नॅनोमीटर. साध्या मायक्रोस्कोपची नजर २०० च्या आसपासच थकते! पुढे १९९२ मध्ये 'सीके-२०' या प्रथिनाची खूण सापडली. आता अशा प्रथिनांच्या रंगचाचण्यांवरच बहुतेक निदान होतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप क्वचितच लागतो.

आणि लागलाच, तर तो आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे, खारघरच्या 'ॲक्ट्रेक'मध्ये.

म्हणजे अडलंय कुठे? माझ्या मते मशीनपाशी नाही, फॉर्मालिनच्या छोट्या बाटलीपाशी. तुकडाच नसेल तर करोडोंचं यंत्रही आंधळं. तेव्हा मंडळी, गावाकडे कुणाची गाठ काढणार असतील, तर फोनवर 'काळजी घ्या' म्हणून थांबू नका. 'तुकडा पॅथॉलॉजीला पाठवा, रिपोर्ट हातात घ्या' एवढं सांगा. बाटली मुंबईला न्यायची असेल तर स्वतः न्या.

असो. पुढच्या शनिवारी आत्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेतोय. ते पहिल्यांदा विचारणार, "रिपोर्ट कुठाय?"

काय सांगू?