किती इंच नव्हे, किती किलो

प्रति,
संचालक,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुणे



वेताळ टेकडीच्या एका बाजूला पुणेकर सरळ 'एआरएआय टेकडी' म्हणतात. सकाळी तिथे चालायला येणाऱ्यांना तुमच्या कुंपणाआड काय चालते याची फारशी कल्पना नसते. मला थोडी आहे. 1966 साली स्थापन झालेली तुमची संस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126व्या नियमानुसार नव्या गाड्या तपासते. वाहनउद्योगाची मानके, म्हणजे एआयएस, ठरवणाऱ्या समितीचे सचिवालयही तुमच्याकडेच आहे. म्हणून हे पत्र परिवहन कार्यालयाला किंवा मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

मी मुळशीच्या बाजूला राहतो. सह्याद्रीत वाट चुकलेल्यांना, दरीत अडकलेल्यांना शोधायला जाणाऱ्या एका गटाबरोबर काम करतो. माझी गाडी पाच दारांची जिम्नी. तिच्या मागच्या भागात दोर, स्ट्रेचर, पाण्याचे कॅन आणि अवजारांची पेटी असे सव्वाशे किलोच्या आसपास सामान बारा महिने असते. या वजनाने गाडी मागून बसली. कच्च्या रस्त्यावर माणसे बसवली की मागचा एक्सल रबरी बंप स्टॉपवर आदळायचा, आणि आत जखमी माणूस असेल तर तो प्रत्येक हादरा त्याच्या हाडांत जायचा. म्हणून मी बाजारात स्प्रिंगा शोधायला निघालो.

दुकानात मला एकच प्रश्न विचारला गेला. "दोन इंच की तीन?"

गाडीत काय असते, पुढे विंच आहे का, लोखंडी बंपर आहे का, माणसे किती बसतात, हे कोणी विचारले नाही. मलाही तेव्हा तेवढी समज नव्हती. मी दोन इंच म्हणालो. चार स्प्रिंगा आल्या, रंगवलेल्या, चकचकीत, आणि त्यांच्यावर ना आकडा ना खूण. शॉक ॲब्सॉर्बर जुनेच राहू द्या, चालतात, असे सांगितले गेले. गाडी उंच झाली आणि दिसायलाही रुबाबदार दिसू लागली, हे कबूल करतो.

पहिल्याच पावसाळ्यात ताम्हिणी घाटात एका वळणावर खड्डा लागला तेव्हा पुढची चाके रस्ता सोडून उडाली आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेकडे सरकली. समोरून काही येत नव्हते एवढेच. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग एका जागी स्थिर राहीना, सतत सावरावे लागे. खड्ड्यातून चाक खाली सुटले की 'ठक्' असा आवाज यायचा. जुने शॉक अपुऱ्या लांबीचे होते, ते पूर्ण ताणले जाऊन थांबत होते.

मग मी जे आधी करायला हवे होते ते केले. शेजारच्या तालुक्यात उसाच्या गाड्या जोखतात त्या वजनकाट्यावर जिम्नी नेली. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. सामान आणि मी धरून पुढे 660 किलो, मागे 740. नव्या स्प्रिंगा घरी व्हर्नियरने मोजल्या. वेटोळ्यांची संख्या आणि व्यास मूळ स्प्रिंगांइतकाच, पण तार 1 मिलिमीटरने जाड. हा एक मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. 12 मिलिमीटरची तार 13 केली, तर बाकी काही न बदलता स्प्रिंग सुमारे 38 टक्के ताठ होते. मागे मला ताठपणा हवाच होता, तिथे वजन होते. पुढे माझ्याकडे ना विंच ना लोखंडी बंपर. पुढची स्प्रिंग 80 किलोच्या जोडसामानासाठी बनवल्यासारखी होती आणि ते सामान माझ्या गाडीवर नव्हतेच.

हिशेब कठीण नाही, तो मला कोणी सांगितला नव्हता इतकेच. समजा एका स्प्रिंगवर 300 किलो भार येतो. ताठरपणा मिलिमीटरला 2.5 किलो असेल तर ती 120 मिलिमीटर दबेल, आणि 3 किलो असेल तर 100. म्हणजे मोकळी लांबी तीच असूनही गाडी 20 मिलिमीटर वर उभी राहील, फक्त ताठपणामुळे. ही उंची खरी नव्हे, ती कडकपणातून उसनी घेतलेली आहे. चाक खडकाच्या मागे खाली जाऊन जमीन पकडायला हवे तिथे ते अधांतरी राहते. चाकाचा जमिनीशी संबंध तुटला की ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही.

याच काळात ट्रक अड्ड्यावर एका कमानपाटे बसवणाऱ्या कारागिराशी बोलणे झाले. भट्टीपाशी बसलेल्या त्या वयस्कर माणसाने माझे अर्धे वाक्य तोडून विचारले, "माल किती भरता?" ट्रकवाल्याला तो आधी हेच विचारतो, मग पाटा किती जाडीचा, किती पाटे आणि वाक किती ते ठरवतो. वाळूच्या गाडीला वेगळा हिशेब, भाजीच्या गाडीला वेगळा. लाखो रुपये खर्चून डोंगरात जाणाऱ्या आमच्यासारख्यांच्या बाजारात हा साधा प्रश्न हरवला आहे.

आणखी एक गैरसमज दुकानदार मोडत नाहीत. जिम्नीसारख्या अखंड एक्सलच्या गाडीत स्प्रिंग बदलून डिफरन्शियल तसूभरही वर जात नाही. ते एक्सलवरच असते, आणि एक्सल उभा असतो टायरवर. स्प्रिंगने वर जाते ती चौकट आणि पोट. उंचवट्यावरून जाताना पोट घासत असेल, मागचा बंपर लागत असेल, तर उपयोग आहे. चाकोरीच्या मधला दगड डिफरन्शियलला लागत असेल तर काहीच नाही. तिथे टायरचा व्यास लागतो, आणि 2 इंच मोठा टायर घेतला तरी मिळतो 1 इंच.

स्प्रिंग एकटी बदलत नाही, हेही बिलावर कुठे लिहिलेले नसते. जिम्नीच्या पुढच्या एक्सलला धरणारे दांडे गाडी उंचावली की कोन बदलतात. चाक सरळ ठेवणारा कॅस्टर कोन कमी होतो आणि स्टिअरिंग भटकू लागते. ते दुरुस्त करायला वेगळे बुश लागतात. एक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड दांडा त्याला एका बाजूला ओढतो. ब्रेकची नळी चाक पूर्ण लोंबल्यावर पुरते का, ते गाडी जॅकवर घेऊन पाहावे लागते. हेडलाइट आकाशाकडे पाहू लागतात आणि समोरच्याचे डोळे दिपतात. आपल्या नाशिकला बनणाऱ्या थारची गोष्ट निराळी. 2020 पासूनच्या थारमध्ये पुढची चाके स्वतंत्र टांगलेली आहेत, त्यामुळे तिथे उंची वाढवली की चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो आणि रबरी बूट फाटतात. एकाच '2 इंच किट'च्या नावाखाली या दोन गाड्यांना एकच सल्ला देता येत नाही. तरी दिला जातो.

कायद्याची बाजू मला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याचे 52वे कलम मूळ वैशिष्ट्यांपासून फारकत घेणारे बदल रोखते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे अधोरेखित केले. मी त्या भूमिकेच्या विरोधात नाही. माझी स्वतःची गाडी घाटात कडेला सरकली आहे, मी विरोध कोणत्या तोंडाने करू? पण बंदीच्या छायेत बाजार बंद झालेला नाही. तो आकडे न लिहिता चालू आहे. परिवहन निरीक्षकाला नोंदणी पुस्तकावर स्प्रिंगचा ताठरपणा दिसत नाही, ग्राहकाला खोक्यावर दिसत नाही, आणि फिटरला कोणी शिकवलेला नाही. अपघात झाला की मात्र सगळ्यांनाच कलम आठवते.

यावर वाट काढायचा नमुना तुमच्याच कामात आहे. सीएनजी किट एके काळी असेच कुणीही कसेही बसवायचे. आज तपासणी संस्थेने मान्य केलेले किट, अधिकृत बसवणारा आणि नोंदणी पुस्तकावर नोंद, अशी साखळी आहे. जर्मनीत बदली स्प्रिंगसोबत तपासणी अहवाल येतो. ती कोणत्या मॉडेलला आणि एक्सलवरच्या किती भारापर्यंत चालेल ते त्यात लिहिलेले असते, आणि टीयूव्हीसारख्या संस्थेचा तज्ज्ञ बसवलेली गाडी पाहतो. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या, नावाजलेल्या कंपन्या ग्राहकाला आधी विचारतात की बंपर-विंच आहे का, मागे कायमचे वजन किती, आणि त्यानुसार एकाच गाडीसाठी हलकी, मध्यम, जड अशा निराळ्या स्प्रिंगा देतात.

माझी मागणी मोठी नाही. बदली स्प्रिंगांसाठी एक एआयएस मानक तयार व्हावे. प्रत्येक स्प्रिंगवर मोकळी लांबी, ताठरपणा, ज्या भारासाठी बनवली तो भार आणि पूर्ण दबल्यावरची लांबी कोरलेली असावी. ती कोणत्या लांबीच्या शॉकबरोबर चालेल हे खोक्यावर असावे. मॉडेलनिहाय उंचीची मर्यादा तुम्ही ठरवा, आणि तिच्या आतल्या किटची लेन बदलण्याची, ब्रेकची, हेडलाइटची चाचणी तुमच्याकडे व्हावी. मर्यादेबाहेर सरळ नकार द्या, आम्ही तो पाळू. किंमत वाढेल, हे खरे. पण माझे पहिल्या स्प्रिंगांवरचे पैसे पूर्ण वाया गेले, आणि तसे वाया घालवणारा मी एकटा नाही.

सध्या माझ्या गाडीत पुढे मूळ स्प्रिंगा आहेत. मागे कायमच्या 120 किलोसाठी बनवलेल्या, आकडे छापलेल्या, आणि त्यांना जुळणारे शॉक. सामान भरले की मागची उंची कारखान्यातून आली तेवढीच येते, त्याहून वर नाही. जखमी माणसाला आणताना एक्सल आता आदळत नाही.

त्या पहिल्या चार स्प्रिंगा मी भंगारात दिलेल्या नाहीत. वजनकाट्याची पावती, व्हर्नियरची मापे आणि त्या चारही घेऊन मी तुमच्या दाराशी यायला तयार आहे, तुम्ही सांगाल त्या दिवशी. तुमच्या यंत्रावर त्या एकदा दाबून पाहाव्यात.

आपला,
मुळशी तालुक्यातील एक वाहनमालक