चुलीपुढची हवा



प्रदूषण म्हटलं की आपल्याला कारखान्याचं धुराडं आठवतं, गाड्यांनी भरलेला चौक आठवतो. हवा मोजायची यंत्रंही तिथेच बसवतात. कर्क स्मिथ या आरोग्यशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सहकाऱ्यांसोबत गुजरातच्या चार खेड्यांत वेगळंच केलं. यंत्र रांधणाऱ्या बाईच्या अंगावरच लावलं. गावातली हवा सरासरी कशी आहे यापेक्षा तिच्या छातीत किती धूर जातो, हे त्यांना हवं होतं. १९८३ साली ते निष्कर्ष छापून आले. बाईचं काम आणि बाईचं आजारपण एकत्र मोजलं गेलं, म्हणून मला हे संशोधन आपलं वाटतं. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

उपाय म्हणून निर्धूर चुली आल्या. धूर घराबाहेर गेला, तो शेजारणीच्या दारात! ग्वाटेमालात स्मिथ आणि सहकाऱ्यांनी सुमारे पाचशे घरांत धुराड्याच्या चुलीची रीतसर परीक्षा घेतली. बाळांचा गंभीर न्यूमोनिया कमी झाला, पण एकूण न्यूमोनियातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही (२०११). २०२० साली ते वारले. तोवर त्यांचा आग्रह एकच होता. चूल सुधारत बसू नका, गॅस आणि वीज गरिबांपर्यंत न्या. काही पर्यावरणवाद्यांना हे रुचलं नाही. मला विचाराल तर, पृथ्वी वाचवायची सुरुवात गरीब बाईच्या चुलीपासून कशाला?

२०१६ साली उज्ज्वला योजना आली, बाईच्या नावावर जोडणी मिळाली. पण सिलिंडर भरायचे पैसे? मी ज्या वस्त्यांत जाते तिथे शेगडी पाहुण्यांच्या चहापुरती पेटते. भाकरी नि आंघोळीचं पाणी चुलीवरच. गॅसला रोख मोजावी लागते. सरपणाला बाईचे तास लागतात, त्यांचा हिशेब घरात कुणीच धरत नाही. म्हणून लाकूड ‘फुकट’.

खोकल्याने बेजार झालेली बाई दवाखान्यात गेली की बिडी-तंबाखूची चौकशी होते, चुलीची क्वचितच. तेव्हा गटातल्या बाईसोबत जाल तेव्हा किती वर्षं चुलीपुढे बसली ते डॉक्टरांना आपणहून सांगा, केसपेपरवर लिहून घ्या. आणि पुढच्या पाहणीत ‘गॅस आहे का’ एवढंच विचारू नका. शेवटचा सिलिंडर कधी भरला, कुणी भरला, तेही विचारा.