अस्सल बरहुकूम

जुन्या कचेरीतील कारकून दस्तऐवजाची नक्कल उतरून झाली की तिच्याखाली ‘अस्सल बरहुकूम’ असा शेरा मारीत असे. रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ (१९८२) परवा पुन्हा पाहताना तो शेरा माझ्या मनातून हलेना, कारण ज्या चित्रपटात उसनवारीवाचून उभे असे जवळजवळ काहीच नाही, तोच मला विज्ञानकथेच्या साऱ्या चित्रसृष्टीत सर्वांत खरा वाटत आला आहे.

कथा २०१९ सालच्या लॉस एंजेलिसमधली. परंतु टायरेल कंपनीची प्रचंड इमारत माया पिरॅमिडांच्या घाटाची, पावसात भिजलेले रस्ते आणि पडद्यांच्या पट्ट्यांतून झिरपणारा उजेड १९४० नंतरच्या अमेरिकन गुन्हेपटांतला, आणि नायक डेकार्डच्या घराच्या भिंती वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांच्या १९२४ मधील एनिस हाऊसच्या नक्षीदार काँक्रीट ठोकळ्यांवरून साचे घेऊन केलेल्या. राइट यांनाही ती नक्षी माया वास्तूंवरूनच सुचली होती. तेव्हा ही नकलेचीच नक्कल. समीक्षक फ्रेडरिक जेम्सन यांनी १९८४ च्या निबंधात अशा ‘पास्टीश’ला, उपहासाचा डंखही गळून गेलेले कोरे विडंबन ठरविले. त्यांच्या व्यासंगाविषयी पूर्ण आदर बाळगूनही हा निवाडा या चित्रपटाला लावणे मला अन्यायाचे वाटते.

टायरेल कंपनीने घडवलेली कृत्रिम मानव रेचेल डेकार्डच्या घरी पियानोपाशी बसते तो प्रसंग पाहावा. रुंद खांद्यांचा पोशाख, गुंडाळून घट्ट बसविलेले केस, सारे १९४० नंतरच्या त्या गुन्हेपटांतल्या नायिकांचे. आणि आपल्या आठवणी कंपनीचा मालक टायरेल याच्या पुतणीच्या आहेत, हे तिला नुकतेच कळलेले. पियानोवर कुणाकुणाची जुनी छायाचित्रे मांडलेली आहेत. ती त्यांच्याकडे पाहते, हळूहळू केस सोडते, आणि ते मोकळे झाल्यावर त्या छायाचित्रांतल्याच एखाद्या बाईसारखी दिसू लागते. जिला बालपणच मिळाले नाही, तिने रूप घ्यावे ते दुसऱ्या कुणाच्या दप्तरातूनच ना? दिग्दर्शकाने तिला उद्याच्या काळाची म्हणून अगदी नवी वेशभूषा दिली असती, तर हे दुःख डोळ्यांना दिसलेच नसते. शैलीची उसनवारी आणि स्मृतीची उसनवारी येथे एकाच देहावर येऊन भेटतात, आणि म्हणूनच ते अनुकरण कोरे राहत नाही.

पियानोची शिकवणी आपल्याला आठवते, पण शिकलो ते आपण की ती पुतणी, हे ठाऊक नाही, असे ती सांगते. डेकार्ड त्या मालकीहक्काच्या तंट्यात शिरत नाही. तू फार सुंदर वाजवतेस, एवढेच तो म्हणतो.

— प्रेक्षक