समृद्धीवरून जरा खाली उतरा की!

मंडळी, हल्ली नागपूर किंवा पुण्या-मुंबईकडून वाशीमला येणाऱ्या कुठल्याही नातेवाइकाला "प्रवास कसा झाला?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "एकदम मस्त! किती वाजता निघालो आणि किती वाजता पोचलो, सांगून खरं वाटणार नाही!" मग पुढे सगळा हिशेब तासांचा आणि किलोमीटरचा. वाटेत काय खाल्लंत, काय पाहिलंत असं विचारलं की मात्र गाडी अडते. फार तर "पंपावर चहा घेतला, अगदीच पाणचट होता" एवढंच.

समृद्धी महामार्गाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. एकूण ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. आमच्या भागातला माणूस आजारी पडला तर नागपूरला नेताना पूर्वी काय हाल व्हायचे ते ज्यांनी सोसलंय, त्यांना या रस्त्याची किंमत वेगळी सांगायला नको. जुन्या रस्त्याचे खड्डे आठवून डोळ्यांत पाणी आणणाऱ्यांपैकी मी नाही.

माझी तक्रार रस्त्याबद्दल नाही, रस्त्यावरून जाणाऱ्यांबद्दल आहे. आणि थोडी आपल्याबद्दलही.

जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं) कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा असा गावागावांतून जायचा. एसटी थांबली की आलुबोंडा, कचोरी, मिरचीची भजी घेऊन पोरं खिडकीशी यायची. आता गाड्या या गावांच्या बाजूने ताशी १२० च्या वेगाने निघून जातात. त्या जुन्या रस्त्यावरचा माझ्या ओळखीचा एक हॉटेलवाला परवा म्हणाला, "गुरुजी, गाड्या वरतूनच जातेत आता. खाली कोन येते?" त्याच्याकडे पूर्वी चार पोरं कामाला होती, आता तो आणि बायको. बाकी बाकं रिकामी.

हे काही आपल्याकडेच घडलेलं नाही. अमेरिकेत शिकागोपासून पार लॉस एंजलिसच्या समुद्रापर्यंत जाणारा 'रूट ६६' म्हणून एक रस्ता होता. १९२६ साली तो सुरू झाला, जवळजवळ ३,९०० किलोमीटरचा. त्याच्या कडेला गावंच्या गावं प्रवाशांच्या जिवावर उभी राहिली. पुढे नवे मोठे महामार्ग झाले आणि ती गावं बाजूला पडली. १९८५ मध्ये तर तो रस्ता सरकारी नकाशातूनच काढून टाकला. अॅरिझोना राज्यातल्या सेलिग्मन नावाच्या लहानशा गावावर ही वेळ १९७८ मध्ये आली. नवा महामार्ग गावाबाहेरून सुरू झाला आणि गावातली वर्दळ थांबली. तिथे एंजल डेलगाडिओ नावाचा एक न्हावी होता. हो, दाढी-कटिंग करणारा न्हावी! त्याने गावोगावच्या लोकांना गोळा करून १९८७ मध्ये एक संघटना उभी केली आणि राज्य सरकारकडून जुन्या रस्त्याला 'ऐतिहासिक' म्हणून मान्यता मिळवली. आज जगभरातले लोक मुद्दाम मोठा रस्ता सोडून त्या गावात उतरतात. बघायला काय, तर जुनी हॉटेलं, जुने पेट्रोल पंप आणि ते न्हाव्याचं दुकान!

मला सांगा, सेलिग्मनकडे दाखवायला एवढंच, तर आपल्याकडे किती आहे?

वाशीम जिल्ह्यात समृद्धीवरून उतरायला कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव अशा जागा आहेत. कारंज्याला नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान आहे, जैनांची जुनी मंदिरं आहेत, आणि गावाजवळ कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. मालेगाव तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ. जमिनीला न टेकता अधांतरी असलेली मूर्ती म्हणून तिची ख्याती आहे. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. तिथे ५ ऑक्टोबर २०२४ ला बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. आणि मालेगावहून विसेक किलोमीटरवर खुद्द वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची उत्तम लेणी खोदली गेली. नागपूरहून अजिंठा बघायला निघालेली मंडळी त्या राजाच्या गावाजवळून झूम करून जातात, आणि त्यांना पत्ताही नसतो. राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मात लावून दिलंय! मराठी घेऊन बी. ए. झालेल्या माणसाला याचा अभिमान वाटला तर रागावू नका.

खरं आहे, वाकाटकांचा राजवाडा काही दाखवता येत नाही. पण बालाजीचं मंदिर आहे, भोसल्यांच्या काळात भवानी काळूने बांधलेलं. पद्मतीर्थ आहे. अर्धा दिवस सहज जातो. थोडं पुढे बुलढाणा जिल्ह्यात मेहकरला उतरलं तर लोणारचं सरोवर वीस-पंचवीस किलोमीटरवर. उल्का पडून तयार झालेलं, बेसाल्ट खडकातलं, २०२० पासून रामसर यादीतलं. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा सगळ्यांनी फोनवर फोटो पाहिले. प्रत्यक्ष किती जणांनी पाहिलं?

आता खाण्याचं. इथे माझा खरा राग आहे.

कुठल्याही ढाब्यावर जा, पाटीवर काय असतं? पनीर बटर मसाला, काजू करी, दाल तडका. अमृतसरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच लाल रस्सा. आणि त्याच ढाब्याच्या मागच्या बाजूला डोकावून बघा, मालक स्वतः काय जेवतोय? ज्वारीची भाकर, चून, ठेचा आणि कच्चा कांदा! मी एकाला विचारलं, "बाबा, हेच का नाही विकत?" तर म्हणे, "गुरुजी, भाकर मांगते कोन? लोकं हसतीन." म्हणजे गिऱ्हाईक मागत नाही म्हणून तो करत नाही, आणि तो करत नाही म्हणून गिऱ्हाईक मागत नाही. यात दोघंही आपापल्या जिभेला फसवतात.

म्हणून माझी प्रवाशांना एकच युक्ती सांगायची आहे. फोनवरचे तारे बघू नका. ढाब्यावर बसलात की मालकाला विचारा, "तुमच्या घरी आज काय केलंय? तेच वाढा." दहापैकी सहा जण लाजतील, दोघं नाही म्हणतील, पण उरलेले दोघं असं जेवू घालतील की नाव काढाल. पाटवडीचा झणझणीत रस्सा, हिवाळ्यात भरीत, आंबाडीची भाजी, कढी. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर कुठे बसलेत तेही बघावं. रोज त्याच वाटेने जाणारा माणूस वाईट खाणं दुसऱ्यांदा खात नाही. आणि आठवडी बाजाराचा दिवस असेल तर सोन्याहून पिवळं, कारण त्या दिवशी सगळं ताजं असतं.

काही गोष्टी मात्र विकत मिळायच्याच नाहीत. रोडगे घ्या. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे, त्यात तुपाची धार आणि सोबत वरण नि वांग्याची भाजी. हा पदार्थ मारुतीच्या देवळापाशी नाहीतर शेतात, पन्नास माणसं जमवूनच करायचा. तो हॉटेलात आणला तर कदाचित चवच जाईल. पण बचत गटाच्या बायकांना समृद्धीच्या उतरण्याच्या जागेपाशी चार गाळे दिले आणि आठवड्यातून एखादा वार रोडग्यांचा ठरवला, तर बघा काय होतं ते!

अमेरिकेत मोठ्या रस्त्यावर फाटा येण्याआधी निळ्या पाट्या असतात, पुढे खायला काय, पेट्रोल कुठे, मुक्काम कुठे ते सांगणाऱ्या. बघण्याच्या जागांसाठी तपकिरी पाट्या वेगळ्या. आपल्याकडेही गावाचं नुसतं नाव लिहून भागायचं नाही. 'मालेगाव' या नावावरून नवख्याला काय कळणार? त्याला नाशिककडचं मालेगाव आठवणार! 'शिरपूर जैन, वत्सगुल्म, भाकर-ठेचा' असं लिहा की मोठ्या अक्षरांत.

आणि गावकऱ्यांनीही एक ऐकावं. पाहुणा यायला हवा असेल तर आधी स्वच्छ संडास-बाथरूम बांधा. आमच्या घरातल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण उतरायची सोय नसते. ठेचा कितीही फर्मास असला तरी त्या तिथे थांबणार नाहीत, आणि बायका थांबल्या नाहीत तर गाडी थांबत नाही.

थांबणं ही चैन नाही, हेही सांगून टाकतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस पेटली आणि २५ जण गेले. त्या दिवसांत 'रस्त्याचं संमोहन' या शब्दाची खूप चर्चा झाली. सरळसोट रस्ता, एकच वेग, वळण नाही, गाव नाही, तेव्हा चालवणाऱ्याचे डोळे उघडे असून मन झोपतं. त्या बसचं नेमकं कशामुळे झालं यावर मी बोलणार नाही. पण दोन तासांनी गाडी खाली घ्यावी, पाय मोकळे करावेत, चार घास खावेत, चार माणसांशी बोलावं, हे आमचे आजोबा बैलगाडीतसुद्धा करायचे. बैलांसाठी का होईना!

असो. दिवाळीत येणाऱ्या मंडळींनी यंदा मालेगावला उतरावं, शिरपूर बघून मग घरी यावं. सकाळी निघताना फोन केलात तर वांगी आणून ठेवतो. हुरड्याचं मात्र आधी कळवायला लागेल. सगळीकडे सोयाबीन झालंय, ज्वारीचं शेत शोधावं लागतं. आणि तो जानेवारीच्या आसपासच. हट्टाने मार्चमध्ये आलात तर भाकरीवर भागवून घ्या.