पकड आधी, वेग नंतर

नवा रायपूरचे रुंद, मोकळे रस्ते पाहून तरुण मुलांना वेगाचा मोह होतो. "स्प्रिंग कापून गाडी खाली बसवतो," असं तुमचा मुलगा म्हणाला, तर ओरडण्याआधी त्याला एवढं समजावून सांगा.

ड्रॅग रेस म्हणजे साधारण ४०२ मीटरची सरळ धाव. गाडी झेपावली की भार मागच्या चाकांवर जातो. स्विफ्ट, आय-२० अशा आपल्या घरच्या गाड्यांचं इंजिन मात्र पुढची चाकं फिरवतं. तीच हलकी होतात आणि जागीच गरगरतात. म्हणून अशा गाडीला मागे जरा कडक स्प्रिंग आणि शॉकअप बसवतात. मागचा भाग कमी दबतो, नाक कमी उचललं जातं. मागची चाकं फिरणाऱ्या गाडीत उलट. तिथे पुढचा भाग सहज उचलला जायला हवा.

खर्चाचा क्रमही लक्षात ठेवा: आधी चांगले टायर, मग झिजलेले बुश आणि इंजिन माउंटिंग, नंतर शॉकअप, शेवटी स्प्रिंग. कापलेली स्प्रिंग मात्र नकोच. खड्ड्यात ती जागेवरून निसटू शकते.

आणि शर्यत? ती लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या स्पर्धांसारख्या बंदिस्त जागीच. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावली, तर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. समोरून येणाऱ्याच्या जिवाची भरपाई तर कोणत्याच दंडाने होत नाही.