काळ्या पाषाणातील दफ्तर

पृथ्वीचे चुंबकत्व क्षीण होत आहे, लवकरच ध्रुवांची अदलाबदल होईल आणि मग प्रलय ठरलेलाच, अशी भाकिते अधूनमधून वाचनात येतात. त्यांतला पहिला भाग खरा आहे. गाउस ह्या जर्मन गणितज्ञाने १८३२ साली ह्या बलाच्या मापनाची रीत घालून दिली. तेव्हापासून ते शेकडा नऊ-दहाने घटले आहे. पुढची उडी मात्र अनाठायी आहे.

आपल्या किनाऱ्यावर कुलाब्यास १८४१ पासून आणि मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ पासून अलिबागेस अखंड चुंबकीय नोंदी होत आल्या. हा वारसा अभिमानास्पद खरा. परंतु पृथ्वीच्या आयुष्यात ते एक निमिष होय. त्यापूर्वीचे दफ्तर दगडांतच आहे.

लाव्हा निवताना त्यातील मॅग्नेटाइटचे तापमान ५८० अंशांखाली उतरले, की तत्कालीन चुंबकत्व त्यात गोठून राहते. त्याची दिशा वाचणे त्यामानाने सोपे, बळ सांगणे कर्मकठीण. एमिल व ओदेत तेलिए ह्या फ्रेंच दांपत्याने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीनुसार नमुना टप्प्याटप्प्याने तापवून जुने चुंबकत्व किती उतरले आणि ज्ञात क्षेत्रात निववल्यावर नवे किती चढले, हे मोजतात. दोहोंच्या गुणोत्तरावरून प्राचीन बळ निघते. तापवताना खनिजच पालटले तर सारी मेहनत फुकट, आणि असे वारंवार होते. तरीही लाव्हा, जुन्या विटा व खापरे यांवरून एवढे कळले आहे की, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी हे क्षेत्र आजच्याहून बरेच प्रबळ होते आणि आजचे बळ गेल्या काही लाख वर्षांच्या सरासरीहून कमी नाही. ध्रुवांची शेवटची कायमची अदलाबदल झाली ती सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी.

अदलाबदल होताना बळ किती ओसरते, हे अभ्यासण्यास दख्खनचा काळा पाषाण मोलाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ह्या थरांत सुलटे व उलटे, दोन्ही चुंबकत्व आढळते. त्यांची एक कड गोव्यात सत्तरीपर्यंत आली आहे. उघड्यावरचा दगड पावसाने कुजलेला, विजा पडून बिघडलेला असतो. ताजा दगड दिसतो तो घाटरस्ता कापताना किंवा दगडखाण खोल जाताना. नेमका तोच नोंद न होता खडी होऊन जातो, आणि खडीवरून मूळ जागा व थर कोण सांगणार?

नमुने घेण्यापुरती सवड भूशास्त्राच्या अभ्यासकांना द्यावी, असे एक कलम कंत्राटात घालण्यास शासनास कसली अडचण आहे, हे आम्हांस समजत नाही. पावसाळा सरताच रस्त्यांची कामे निघतात. निविदांचे मसुदे तत्पूर्वीच दुरुस्त व्हावेत.